न उडालेल्या बाराची शेपटी

पॉलीन हुडाकने सत्तावन्नाव्या वर्षी हरणाच्या शिकारीला जायचं ठरवलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने विचारलं, "का गं, खाटकाने दुकान बंद केलं का?"

एमिल हुडाक गुणाचा माणूस, पण रक्त दिसलं की मटकन खाली बसायचा. दाढी करताना गालाला कापलं तरी हाक पॉलीनला. बायको बंदूक उचलणार म्हटल्यावर त्याने ओव्हनमधून अक्रोडाचा रोल बाहेर काढला, तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "खा आणि पुन्हा विचार कर." पॉलीनने खाल्ला. विचार काही बदलला नाही.

बाईने जन्मभर शाळेची बस चालवली होती. आवाज असा, की तिने नुसता घसा खाकरला तरी मागच्या बाकावरचं पोर जागेवर बसायचं. पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्या खाणींच्या गावात थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी शाळा बंद असते, कारण उघडून उपयोग नसतो. मुलं डोंगरात, मास्तर डोंगरात, हेडमास्तर तर शनिवारीच पसार झालेले. तो हरणांच्या हंगामाचा पहिला दिवस. पॉलीन दरवर्षी त्याच्या आदल्या दिवशी बटाट्याचं सारण भरून पिरोग्यांची, म्हणजे उकडलेल्या करंज्यांची, रास करायची, डबा धाकट्या भावाच्या, अँडीच्या गाडीत ठेवायची आणि हात हलवून घरात यायची. आठवड्याने अँडी परतायचा तो गोष्टी घेऊन. कोण घसरलं, कोणाचा नेम चुकला, कोण कोणाला काय म्हणालं. गोष्ट घरी येईपर्यंत शिळी व्हायची, आणि ऐन हसायच्या जागी अँडी म्हणायचा, "तू तिथे असायला हवी होतीस." हे वाक्य तिने इतकी वर्षं ऐकलं, की शेवटी मनावर घेतलं.

अँडी ज्याला कॅम्प म्हणायचा, ती वरच्या डोंगरातली दोन खोल्यांची लाकडी झोपडी. त्यांच्या बाबांनी आणि बाबांच्या जिवलग मित्राने, स्टॅश वोयचिकने, ती तरुणपणी स्वतःच्या हाताने बांधली होती. अँडीला बारा वर्षं पूर्ण झाली त्या हंगामात बाबा त्याला तिथे घेऊन गेले. पॉलीन तेव्हा चौदाची होती. तिला दगडाने खांबावरचा डबा पाडता यायचा, अँडीला डबा दिसायचासुद्धा नाही. पण ती मुलगी होती, आणि त्या काळी हा विषय तिथेच संपायचा. कोणी दुष्टपणा केला असंही नव्हे. कोणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं होतं.

कॅम्पचा नियम एकच. ज्याच्या समोर हरीण आलं आणि नेम चुकून निघून गेलं, त्याच्या शर्टाचा मागचा घेर रात्रीच्या जेवणानंतर चाकूने कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर खिळ्याने ठोकायचा. याला ते शेपटी कापणं म्हणत. पॉलीन लहान असताना बाबा एकदा असा मागून आखूड झालेला शर्ट घालून घरी आले होते. आई संतापली. "हरीण राहिलं डोंगरात ते राहिलं, शर्टही फाडून आणला!" आई बोलत होती आणि बाबा हसत होते. इतके हसत होते, की पॉलीनला वाटलं, आपल्याला न विचारता बाबा कुठल्या तरी जत्रेला जाऊन आले.

शिकायला सुरुवात झाली ती अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. बंदूक सुरक्षित कशी हाताळायची, याचा वर्ग केल्याशिवाय नवख्याला शिकारीचा परवाना मिळत नाही. वर्गात बाकी सगळी बारा-तेरा वर्षांची, आणि निम्मी तिच्याच बसमधली. पॉलीन शेजारी बसलेल्या मुलीच्या कानात काहीतरी कुजबुजली, तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी मागे वळून म्हणाली, "मिसेस हुडाक, मागे बसून बोलायचं नाही." ही संधी त्या मुलीने बहुधा पहिलीपासून जपून ठेवली होती.

परीक्षा झाली, परवाना आला. मग अँडी तिला खाणीच्या जुन्या ढिगाऱ्यापाशी घेऊन गेला, समोर कागदी ताटल्या लावल्या आणि हातात बाबांची रायफल दिली. जुनी होती, प्रत्येक बारानंतर वरचा दांडा मागे ओढून पुढे ढकलावा लागायचा, की रिकामी पुंगळी बाहेर उडायची आणि नवं काडतूस आत बसायचं. पॉलीनने पहिल्या दिवशी ताटलीच्या कडा फोडल्या. दुसऱ्या आठवड्यात मध्यभागी भोक पाडलं. अँडीची स्वतःची ताटली मात्र जेवायला घेता येईल इतकी कोरी राहिली होती.

"वाऱ्यामुळे हलतेय ती," अँडी म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," पॉलीन म्हणाली आणि दांडा ओढला.

घरी तिने शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणाने धुतले, बाहेर वाळवले आणि पाइनच्या काड्यांबरोबर पिशवीत बांधले, कारण माणसाचा वास हरणाला लांबून येतो. त्याच संध्याकाळी एमिलने रोल भाजले आणि पिशवीसकट सगळं घर अक्रोडाने घमघमलं. पॉलीनने कपडे पुन्हा धुतले. एमिलने पुन्हा भाजले. तिसऱ्यांदा तिने त्याला ओव्हनपासून हाकललं, तेव्हा तो मान हलवत म्हणाला, "हरणाला अक्रोड आवडत नसतील, असं तुला सांगितलं कोणी?"

खरा अडसर होता स्टॅश. अँडीने फोन करून सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याने आधी रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "बाई आली की पुरुष खोटं बोलायला लागतात." आणखी थोड्या वेळाने म्हणाला, "पण ती माइकची मुलगी आहे. मी कोण नाही म्हणणार." आणि फोन ठेवला. या स्टॅशचा त्या डोंगरात दबदबा होता. कॅम्पच्या भिंतीवर सगळ्यांच्या शेपट्या होत्या, कोणाकोणाच्या तर तीन-तीन. फक्त स्टॅशची नव्हती. इतक्या वर्षांत त्याचा नेम एकदाही चुकला नव्हता. त्यामुळे चाकू त्याच्याकडे असायचा आणि न्यायनिवाडाही तोच करायचा.

रविवारी दुपारी पॉलीन अँडीबरोबर कॅम्पवर पोचली आणि उंबऱ्यातच थबकली. समोरच्या भिंतीवर चौकड्यांचे, पट्ट्यांचे, विटलेले कापडाचे तुकडे ओळीने ठोकलेले होते. तिने शोधला आणि तिला सापडला: हिरव्या फ्लॅनेलचा, बाबांच्या तिरप्या अक्षरातलं नाव असलेला. शर्टाचा उरलेला भाग तिने आईच्या मांडीवर, आई तो शिवत असताना, पाहिला होता. हा तुकडा आज पहिल्यांदा पाहत होती. तिने त्याला बोट लावलं आणि तिथेच तिचं ठरलं. हरीण मिळो न मिळो, आपल्याला या भिंतीच्या आतलं माणूस व्हायचंय.

पण पुरुषांनी तिची अशी बडदास्त ठेवली, की विचारू नका. स्टोव्हजवळचा सगळ्यात उबदार पलंग तिला, भोवती दोरीवर घोंगडीचा पडदा. बाहेरच्या संडासाला नवी कोरी सीट, किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली. भिंतीवर एक फिकट चौकोन होता. तिथलं कॅलेंडर आदल्याच दिवशी उतरवलेलं असणार, आणि ते कसलं होतं हे कोणी सांगायची गरज नव्हती. स्वयंपाकाला होता लॉइड रीस, दारातून आडवा होऊन येणारा धिप्पाड गडी. त्याच्या पायावर जळतं लाकूड पडलं, तेव्हा त्याने तोंड उघडलं, पॉलीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरेरे."

"लॉइड," पॉलीन म्हणाली, "मी बस चालवली आहे. मला सगळे शब्द येतात."

"नाही हो पॉलीनबाई, तसं काही नाही. तुम्ही बसा ना आरामात." त्याने तिच्या हातातली ताटं काढून घेतली आणि स्वतः धुवायला घेतली.

सगळ्यात वाईट स्टॅशचं. ज्याने तिला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तो टोपी काढून म्हणाला, "या, हुडाकबाई. प्रवास नीट झाला ना?" पॉलीनला वाटलं, आपण बिशप आहोत आणि चर्चची पाहणी करायला आलोय. पत्ते खेळायला बसले तर तिला हरूही देईनात. तिने मुद्दाम चुकीचं पान टाकलं, तर लॉइड म्हणाला, "वा, काय डोकं लावलंत!" ती पडद्यामागे जाऊन झोपली, पण झोपण्याआधी घोंगडीकडे बघत थोडी रडली. पाहुण्याला जेवढा मान देतात, तेवढा तो लवकर जावा म्हणून देतात, हे तिला ठाऊक होतं.

सोमवारी उजाडायच्या आत स्टॅशने तिला एका उतारावर ओकच्या झाडापाशी बसवलं. भडक नारिंगी जॅकेट, पाठीवर परवान्याचा कागद, मांडीवर रायफल, आत चार काडतुसं.

"बसायचं," स्टॅश म्हणाला. "हलायचं नाही. खोकला आला तर गिळायचा. शिंगं दिसल्याशिवाय बंदूक उचलायची नाही. समजलं, बाई?"

"समजलं."

तो वरच्या धारेकडे निघून गेला. पॉलीन बसली. शिकारीच्या गोष्टींत ही बसण्याची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नसतं. बर्फ पातळ होतं, खाली पानं. एक खार चालली तरी वाटायचं, घोडदळ आलं. आधी पायांची बोटं गेली, मग नाक गेलं. लांबच्या डोंगरांवरून बार ऐकू येत होते, आणि प्रत्येक बाराला तिला हेवा वाटत होता. एमिलची आठवण आली. आत्ता तो स्वयंपाकघरात मोजे वाळवत रेडिओ ऐकत असेल. शहाणा माणूस, असं तिच्या मनात पहिल्यांदाच आलं.

आणि मग समोर हरीण होतं. आलं कुठून, कळलं नाही. मघाशी नव्हतं, आता होतं. डोक्यावर लाकडी खुर्चीच्या पाठीएवढी शिंगं. ताटल्यांपेक्षाही जवळ उभं राहून ते पालापाचोळा हुंगत होतं.

पॉलीनच्या छातीत जे सुरू झालं, त्याला धडधड म्हणणं म्हणजे ट्रकला हातगाडी म्हणणं. तिने रायफल उचलली. सेफ्टीची कळ सरकवली. नेम धरला. आणि बार केला. हरीण जागचं हललं नाही. चुकला! तिने दांडा ओढला, ढकलला, पुन्हा नेम, पुन्हा बार. हरणाने कान हलवला. पुन्हा. पुन्हा. कानात घणाचे घाव पडत होते. हरणाने मान वर करून तिच्याकडे सविस्तर पाहिलं, पांढरी शेपटी उडवली आणि रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीसारखं सावकाश झुडपांत निघून गेलं.

चार बार, एवढ्या जवळून, आणि चारही फुकट. पॉलीनला ब्रह्मांड आठवलं. मग तिची नजर खाली गेली. पायापाशी बर्फात चार काडतुसं पडली होती. पिवळीधमक. टोकाला शिसं जसंच्या तसं. एकही रिकामी पुंगळी नाही.

तिने एक उचलून पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि हळूहळू उजेड पडला. तिने नेम धरला होता, दांडा ओढला होता, ढकलला होता. चाप मात्र एकदाही ओढला नव्हता. चारही काडतुसं न उडवता नुसती बाहेर सांडली होती, आणि तो सगळा दणदणाट तिच्या स्वतःच्या काळजाचा होता.

पॉलीन आधी हसली. मग तोंडावर हातमोजा दाबून हसली. मग डोळ्यांतून पाणी येऊन ते गालावर गोठायला लागलं, तेव्हा थांबली. आणि थांबल्यावर तिला कळलं, की हे कोणालाही कळणार नाही. बारच झाला नाही, ऐकणार कोण? काडतुसं खिशात टाकायची, खाली जायचं, म्हणायचं, "काही दिसलं नाही." झाकली मूठ सव्वा लाखाची. पाहुणी आली, बसली, थंडीने काकडली, घरी गेली.

पण पॉलीनला पाहुणी म्हणून घरी जायचं नव्हतं. तिने काडतुसं उचलून खिशात टाकली. एवढी चांगली फजिती तिच्या वाट्याला जन्मात आली नव्हती, आणि ती वाया घालवायची तिची तयारी नव्हती.

संध्याकाळी कॅम्पपुढच्या आडव्या वाशाला अँडीने मारलेला नर टांगलेला होता. जेवण झालं: हॅम, लोण्यात परतलेली कोबी-शेवई आणि पॉलीनच्या पिरोग्या. मग लॉइड आपणहून उठला. दुपारी त्याचा बार सगळ्यांनी ऐकला होता, आणि हरीण कोणी पाहिलं नव्हतं.

"बंदुकीवरची दुर्बीण हलली होती," लॉइड म्हणाला.

"तू हललास म्हणून डोंगर हलला," अँडी म्हणाला. "डोंगर हलला म्हणून दुर्बीण हलली."

"दोन तास समोर उभं राहिलं असतं ते हरीण, तरी तुला लागलं नसतं," स्टॅश म्हणाला. "वळ."

चाकू फिरला, कापड चर्रर्र फाटलं, सगळे टेबल बडवत ओरडले आणि लॉइडची चौथी शेपटी भिंतीवर गेली. पॉलीनही ओरडली. बाबा हसले होते ते हेच. तिला इतकी वर्षं जे शिळं मिळत होतं, ते आज चुलीवरून उतरताना दिसत होतं. तिने खिशात हात घातला आणि चारही काडतुसं टेबलावर मांडली.

"आता माझी पाळी," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. उलट हरणाने सविस्तर पाहिलं ते उभं राहून मान वळवून करून दाखवलं.

कोणीच हसलं नाही. लॉइडचे गाल फुगले होते, पण त्याने ओठ मिटून घेतले.

"होतं असं," लॉइड घाईघाईने म्हणाला. "पहिल्यांदा असं सगळ्यांचंच होतं हो, पॉलीनबाई. तुम्ही तर फारच छान केलंत. एवढ्या थंडीत बसलात, हेच खूप."

"माझा नेम चुकला," पॉलीन म्हणाली. "शेपटी काप."

"अगं पॉली, नेम कुठे चुकला?" अँडी म्हणाला. "नियम काय? बार काढला आणि हरीण गेलं, तर शेपटी. बार झालाच नाही, तर चुकला कसा? हात दाखवून अवलक्षण कशाला करतेस?"

"बरोबर," लॉइड म्हणाला. "निर्दोष आहात तुम्ही. पूर्ण निर्दोष."

"मला निर्दोष व्हायचं नाहीये!" पॉलीनचा बसमधला आवाज बाहेर पडला आणि लॉइड चटकन खुर्चीत बसला. "लॉइडने हरीण सोडलं, तर तुम्ही त्याची सालटी काढलीत. मी याच्यापेक्षा मोठा गाढवपणा केला, तर म्हणे छान केलंत. अँडी, खरं सांग. हेच लॉइडने केलं असतं तर?"

अँडीने छताकडे पाहिलं. "तर त्याला मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं."

"मग मला का नाही?"

खरं कारण एवढंच, की बाईमाणसाच्या शर्टाला हात कोणी घालायचा, आणि तिला गाढव कोणी म्हणायचं. तेवढ्यासाठी तिघांनी मिळून तिला गोड बोलून दाराबाहेर उभं केलं होतं, आणि दार उघडं असल्यामुळे त्यांना ते कळतही नव्हतं.

"स्टॅश, तूच सांग बाबा," अँडी म्हणाला. "न उडालेला बार चुकला म्हणायचा का?"

स्टॅश टेबलावरचं एक काडतूस बोटांत फिरवत होता.

"कितीदा ओढलात दांडा?"

"चार वेळा."

"चारही वेळा वाटलं, बार झाला?"

"शपथेवर. आवाज ऐकला मी."

"खांद्याला धक्का?"

पॉलीनने आठवून पाहिलं. "बसला. म्हणजे... बसल्यासारखा वाटला. अजून दुखतोय."

"हं," स्टॅश म्हणाला. "दुखतो. दोन दिवस दुखतो."

लॉइडने मान वर केली. अँडीचा बिअरचा डबा तोंडापाशी थांबला.

"तुला काय माहीत?" अँडीने हळूच विचारलं.

स्टॅशने काडतूस टेबलावर उभं करून ठेवलं, नीट, पडणार नाही असं. "या झोपडीचं छप्पर झालं त्या वर्षी," तो म्हणाला. "वरच्या झऱ्यापाशी. एवढं मोठं हरीण मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. सगळी काडतुसं बर्फात सांडली आणि ते बघत उभं राहिलं. माइक पलीकडच्या धारेवर बसला होता. खाली आलो तर त्याने विचारलं, काही दिसलं का? मी म्हटलं, काही नाही." त्याने नाक पुसलं. "पहिल्या वर्षी सांगायची लाज वाटली. दुसऱ्या वर्षी सांगायला उशीर झाला होता. आणि मग सगळे म्हणायला लागले, स्टॅशचा नेम कधी चुकत नाही. ते ऐकायला काही वाईट नव्हतं."

पॉलीनला दिसत होतं की म्हाताऱ्यापुढे सोपी वाट आहे. बार नाही, म्हणजे चूक नाही, एवढं म्हणायचं. मग ती निर्दोष आणि तोही निर्दोष, नियमाप्रमाणे, अगदी स्वच्छ. आणि तिला भीती वाटली की तो तेच म्हणेल.

"निकाल," स्टॅश म्हणाला आणि उठून उभा राहिला. "हरीण समोर होतं. मारायला हात उचलला होता. हरीण चालत घरी गेलं. बार झाला की नाही, हे काय हरणाला विचारायचं? चुकला. पॉलीन, वळ."

पॉलीनने जॅकेट काढलं. आत लाल-काळ्या चौकड्यांचा नवा लोकरीचा शर्ट होता, उन्हाळ्यातच आणून ठेवलेला, मागून चांगला लांब. तिने तो स्वतःच पँटमधून ओढून बाहेर काढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. चाकू धारेचा होता. पाठीशी कापड फाटलं आणि गार हवा आत शिरली, आणि त्याबरोबर लॉइडने इतका वेळ दाबून धरलेलं हसू असं फुटलं की खुर्ची कुरकुरली.

"अगं बाई, हरणं मारायला आलीस की कोंबड्यांना दाणे टाकायला?" लॉइड ओरडला.

"बस चालवायचीस तेव्हा तरी किल्ली फिरवायचीस ना?" अँडी म्हणाला. "की नुसताच गिअर टाकायचीस?"

"उद्या काडतुसं देऊच नका हिला," लॉइड डोळे पुसत म्हणाला. "बटाटे द्या चार. निदान गोळा करून भाजता येतील."

पॉलीन हसत होती आणि रडतही होती, आणि यातलं काहीही लपवायची तिला गरज वाटली नाही. ती वळली तेव्हा स्टॅश चाकूची मूठ तिच्यापुढे धरून उभा होता.

"घे," तो म्हणाला. "माझी कापायचा हक्क यांच्यापैकी कोणाला नाही. यांनी सगळ्यांनी बार तरी काढलेत."

तो वळला. त्याचा जुना राखाडी शर्ट धुऊन धुऊन इतका पातळ झाला होता, की चाकू नुसता टेकवला तरी चालला असता. पॉलीनने कापला, सरळ आणि चांगला रुंद. कोणी टेबल बडवलं नाही. लॉइडने दोन खिळे ओठांत धरले, हातोडी घेतली.

"साल कोणतं लिहू?" पॉलीनने पेन उघडत विचारलं.

"चुकलो ते लिही."

"छपराचं साल? छप्पन्न?"

"छप्पन्न."

तिने लिहिलं. लॉइडने दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठोकले. स्टॅश मागे सरकून त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग हिरव्या फ्लॅनेलच्या तुकड्याकडे. "माइकला सांगायला हवं होतं मी," तो म्हणाला. "तो हसून हसून मेला असता."

"तो मेलाय, स्टॅश."

"हो ना." स्टॅशने मान डोलावली. "मग आता बिनधास्त हसेल."

आणि तो स्वतःच हसायला लागला, आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग पोटातून, इतकं की त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला. अँडीने असं त्याला कधी पाहिलं नव्हतं. हसून झाल्यावर त्याने पाठीमागे हात नेऊन चाचपलं.

"गार लागतंय गं पाठीला," तो म्हणाला.

"मलाही," पॉलीन म्हणाली, आणि दोघांनी आपापल्या खुर्च्या स्टोव्हकडे पाठ करून ओढून घेतल्या.